अमेरिकेतल्या फॉर्मवरचा ‘रेस’चा रकाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑगस्टात शाळांचे प्रवेश सुरू झाले की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो येतो: अर्धवट भरलेला फॉर्म, एका रकान्याभोवती लाल गोल आणि खाली ‘इथं काय लिहायचं?’ सतरा वर्षं मी तुकड्यातुकड्यांत उत्तरं देत आलेय. आता एकदाच सलग लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या ऑगस्टात लिंक टाकून मोकळी. काही उत्तरं लांबली आहेत. ‘एशियनवर टिक कर आणि पुढे जा’ एवढ्यावर माझंच समाधान होत नाही, त्याला काय करू?

‘रेस’ म्हणजे नेमकं काय विचारतायत?

आई सांगलीहून पहिल्यांदा आली तेव्हा तिची दाढ दुखायला लागली. दवाखान्यात क्लिपबोर्डवरचा कागद तिनं चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून वाचला आणि मला म्हणाली, “अगं, रेस म्हणजे शर्यत ना? या वयात मी कुठं धावू?” मी म्हटलं, शर्यत नाही गं आई, वंश. तिनं लगेच आवाज खाली आणला. “म्हणजे जात विचारतायत होय? अशी चारचौघांत?”

शर्यतीचं सोडा, पण जातीचा अंदाज फारसा चुकला नव्हता. घोळ आपल्या ‘वंश’ या शब्दानंही होतो. मराठीत वंश म्हटलं की वंशावळ, वंशाचा दिवा, घराणं डोळ्यांसमोर येतं. अमेरिकी फॉर्मला तुमच्या घराण्याशी देणंघेणं नसतं. तुमच्या पूर्वजांना या देशानं कोणत्या खणात टाकलंय, तेवढंच त्याला हवं असतं. खण मोजके आहेत, ते इथल्या सरकारनं पाडले आहेत आणि वेळोवेळी बदललेही आहेत.

मग टिक कुठं करायची?

‘एशियन’वर. जनगणनेच्या फॉर्मवर त्याखाली ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन असतो, शाळेच्या नि दवाखान्याच्या फॉर्मवर बहुधा नुसतं ‘एशियन’. ‘अमेरिकन इंडियन’वर टिक करू नका. तो इथल्या मूळ रहिवाशांचा, आदिवासी राष्ट्रांचा रकाना आहे. ‘अमेरिकेत राहणारे इंडियन, म्हणजे आम्हीच’ असं समजून दरवर्षी दोन-चार जण तिथं टिक करून येतात.

गोव्याकडच्या मंडळींसाठी एक जादा सूचना. आडनाव फर्नांडिस किंवा डिसोझा दिसलं की काउंटरवरचा माणूस न विचारताच ‘हिस्पॅनिक’ लिहितो. सरकारी व्याख्येत हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश संस्कृतीशी नातं असलेले लोक. पोर्तुगीज त्यात बसत नाहीत. तेव्हा म्हापशाचे फर्नांडिस एशियनच.

शाळेत तर आपण ‘कॉकेशियन’ असं शिकलो होतो. मग व्हाइट का नाही?

हा प्रश्न दबक्या आवाजात, पण हमखास येतो. ‘कॉकेशियन’ हा शब्द जर्मनीत ग्यॉटिंगेनला शिकवणाऱ्या योहान ब्लूमेनबाख यांनी रूढ केला. १७९५ साली त्यांनी माणसांचे पाच प्रकार मांडले आणि युरोपीयांच्या गटाला कॉकेशस पर्वतावरून नाव दिलं. त्यांच्या संग्रहात जॉर्जियातल्या एका बाईची कवटी होती आणि ती त्यांना सगळ्यांत सुंदर वाटत असे. एका प्राध्यापकाला एक कवटी आवडली आणि तिच्यावरून पडलेलं नाव सव्वादोनशे वर्षांनी आपल्या चर्चेत फिरतंय. या शब्दाच्या भरवशावर आपल्या एका माणसानं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली होती. ते प्रकरण खाली येतंच आहे.

विज्ञान काय म्हणतं? रंग, नाक, केस हे तर डोळ्यांना दिसतं.

दिसतं ना. पण त्याच्या पेट्या पडत नाहीत. आपल्याच घरात बघा: एका आईची दोन मुलं, एक गव्हाळ, एक सावळा. कुणी त्यांना दोन वंशांचे म्हणत नाही. सावळा, निमगोरा, गहूवर्णी, गोरापान अशी उतरंड आपण जीभ न अडखळता लावतो, तरी ती एकाच घराण्यातली असते. जगाच्या नकाशावरही रंग असाच हळूहळू बदलत जातो. ‘इथं काळा संपला, इथून गोरा सुरू’ अशी रेघ जमिनीवर कुठं सापडत नाही.

१९७२ साली रिचर्ड ल्युऑन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं रक्तगट नि प्रथिनं तपासून हिशोब मांडला. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. ज्यांना आपण वंश म्हणतो त्या मोठ्या गटांमधला फरक जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास. समूहांमध्ये फरक असतात, ते वंशावळीत मागंही शोधता येतात. पण फॉर्मवरच्या पाच-सहा चौकोनांशी ते जुळत नाहीत.

सिकलसेलचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. अमेरिकेत तो ‘काळ्यांचा आजार’ म्हणून ओळखला गेला. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या आरोग्य कर्मचाऱ्याला हे सांगून बघा. रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं जनुक मलेरियापासून थोडं वाचवतं, म्हणून तो आजार मलेरियाच्या मागोमाग जातो: आफ्रिका, ग्रीस, अरबस्तान, मध्य भारत. डासाला तुमचा रकाना ठाऊक नसतो.

पण डॉक्टरसुद्धा रेस विचारतात. काही कारण असेलच की!

कारण असतं, पण ते दर वेळी बरं असतंच असं नाही. मूत्रपिंड किती काम करतं हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढायचं एक सूत्र आहे. बरीच वर्षं या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला एका आकड्यानं गुणत. २००९च्या सूत्रात तो १.१५९ होता. म्हणजे तेच वय, तेच रक्त, पण कागदावर ‘ब्लॅक’ लिहिलं की मूत्रपिंड १६ टक्के जास्त निरोगी! त्यामुळं कित्येकांचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा लागलं. २०२१ मध्ये वंश वगळलेलं नवं सूत्र आलं.

आता सांगा, आई काळी आणि वडील गोरे असतील तर कशानं गुणायचं? सूत्रात याला उत्तर नव्हतं, कारण तो आकडा शरीरातल्या कुठल्याच गोष्टीचं माप नव्हता. तो आकडा रकान्याला लावलेला होता.

मराठी माणसांचा या विषयाशी काही संबंध आहे का, की हे सगळं अमेरिकेचं प्रकरण?

आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. १९२०च्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हे तिथल्या मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्राच्या (म्हणजे निवडक ‘चांगल्या’ माणसांचीच वाढ व्हावी या विचाराच्या) संस्थेचे संचालक होते. त्यांची मतं पुढं नाझी राजवटीला फार सोयीची ठरली. विषय असा: कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, तर हा फरक युरोपीयांत वेगळा असतो का? असला, तर त्यावरून बुद्धीचं श्रेष्ठत्व सिद्ध करायला सोपं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा नि या फरकाचा संबंध दिसत नाही. विशीतली हिंदुस्थानी मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि समोर मार्गदर्शकाचीच आवडती कल्पना. मला तर पीएच.डी.च्या गाइडला साधा ईमेल पाठवताना घाम फुटायचा.

पुढं महाराष्ट्रात परतल्यावर बाईंनी स्वतःही मोजपट्टी घेऊन लोकांची नाकडोकी मोजली, हेही सांगायला हवं. त्या काळच्या मानववंशशास्त्राचं ते रोजचं कामच होतं.

अमेरिकी सरकारनं भारतीयांना आजवर काय काय म्हटलं आहे?

इथं जरा बैठक मारून बसा.

१७९०च्या कायद्यानं परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येई. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना जोडलं. मधल्या सगळ्या जगाचं काय, ते ज्या-त्या कोर्टानं ठरवायचं. भिकाजी बलसारा हे मुंबईचे पारशी, कापसाचे व्यापारी. न्यूयॉर्कच्या कोर्टानं १९०९ मध्ये त्यांना नागरिकत्व दिलं, १९१० मध्ये अपिलातही ते टिकलं. पारशी म्हणजे मूळचे इराणी, हिंदूंपासून वेगळे राहिलेले, म्हणून गोरे, असा युक्तिवाद. मुंबईच्या एका गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक गोरा, एक नाही!

मग भगतसिंग थिंड. पंजाबचे शीख, १९१३ मध्ये आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात पगडीसह होते. १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. दुसऱ्यांदा मिळालं, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच न्यायालयानं नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नकार देताना म्हटलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड यांच्या बाजूला वाटलं, झालं काम, कारण शास्त्राच्या पुस्तकांत भारतीय कॉकेशियनच होते. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ला, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल फिरवून लिहिला: पुस्तकं काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. कायद्याला शास्त्र अडचणीचं ठरलं तेव्हा शास्त्र बाजूला गेलं. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, बाहेरून आलेलेच. त्यांना कुणी काही विचारलं नसावं.

यानंतर पन्नासहून अधिक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांत पेशावरचे वैष्णो दास बगाई होते. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. नागरिकत्व गेलं तशी मालमत्ताही गेली. भारतात जाऊन यायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं सांगण्यात आलं. ब्रिटिशांचं राज्य नको म्हणून तर ते निघाले होते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला. चिठ्ठीत विचारलं होतं की आता मी कोण आहे, आणि माझ्या मुलांचं मी काय करून ठेवलं?

अशा रकान्यांचा माणसाच्या ओळखीवर काय परिणाम होतो असं कुणी विचारलं की मी बगाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या शरीरात १९२१ ते १९२३ मध्ये काहीही बदललं नव्हतं.

१९४६ मध्ये कायदा बदलला: भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा. त्यानंतर कला बगाई नागरिक झाल्या. बर्कलीत पूर्वी शेजाऱ्यांनी त्यांच्या कुटुंबाला घरात शिरू दिलं नव्हतं. आज त्याच बर्कलीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

जनगणनेची तऱ्हा तर और. १९२० ते १९४० आपण ‘हिंदू’ या वंशाचे होतो, मग घरात नमाज असो की अरदास. १९७० मध्ये आपण चक्क ‘व्हाइट’मध्ये मोजले गेलो. १९७७च्या सरकारी नियमानं भारतीय उपखंड आशियाच्या खणात गेला आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ आला, तोही भारतीय संघटनांनी मागणी लावून धरली म्हणून. साठ वर्षांत तीन वंश! मेक्सिकन लोकांना १९३० मध्ये वेगळा वंश केलं आणि १९४० मध्ये परत गोरं केलं. आणि २०२४च्या नियमांत मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी नवा रकाना आला. सीरियाच्या लोकांनी १९१५ मध्ये कोर्टातून गोरेपण मिळवलं होतं. त्यांची पतवंडं आता त्यातून बाहेर पडली.

थिंड यांच्यावर अन्यायच झाला ना? मग आपण त्यात कुठं चुकलो?

अन्याय झालाच. पण त्यांच्या बाजूनं काय मांडलं गेलं ते वाचवत नाही. आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य. आणि उच्चवर्णीय हिंदूला देशातल्या ‘मूळ’ लोकांशी लग्न लावणं तितकंच नकोसं वाटतं जितकं अमेरिकी गोऱ्याला काळ्यांशी. म्हणजे दार उघडावं म्हणून आपण सांगत होतो की आम्हालाही दारं लावता येतात. ‘हा सगळा गोऱ्यांचा खेळ’ असं कुणी ग्रुपवर लिहिलं की मी हे पुढं करते. मग ग्रुप थोडा वेळ शांत असतो.

म्हणजे वंश आणि जात एकच?

नाही. हे सर्वांत नेमकं कुणी सांगितलं असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात त्यांचा मुद्दा होता की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे; मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. जात ही एकाच वंशाच्या लोकांत समाजानं पाडलेली विभागणी. इंग्रज अधिकारी रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होते. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये नाकाचीच मापं पुढं करून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. त्यांच्याच पट्टीनं त्यांना मोजलं.

साम्य आहे ते कामात: कुणी कुठं राहायचं, कुणाशी लग्न करायचं, कुणाच्या हातचं पाणी चालायचं. फरक इतकाच की अमेरिकेत निदान डोळ्यांनी ओळखल्याचा आव आणता येतो. आपल्याकडं आडनाव विचारावं लागतं. इथंही विचारतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलनं भेदभावबंदीत जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरांनी त्याच वर्षी ते रोखलं. माझी आई दवाखान्यात आवाज खाली आणते तो उगाच नाही.

वंश बनावट आहे, तर रकाना काढून का टाकत नाहीत?

नोटही कागदच असते, म्हणून कुणी रस्त्यावर फेकत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथं घरकर्ज मिळेनासं झालं. ज्यांच्या आजोबांना घर घेता आलं नाही, त्यांच्या नातवांकडं विकायला घर नाही. रकाना पुसला तर ही तफावत मोजायची कशानं? उलट बाजूही खरी: मोजत राहिलं की लोक त्या पेट्या निसर्गानं दिल्यासारख्या धरून बसतात. मी स्वतः मोजावं या बाजूची आहे.

मुलांना हे कसं सांगायचं?

माझी मुलगी पहिलीत असताना एकदा घरी येऊन म्हणाली, “आई, मला स्किन कलरचा खडू दे.” मी गुलाबीसर पीच दिला, आम्हाला लहानपणी तोच ‘अंगाचा रंग’ म्हणून माहीत. तिनं खडू मनगटाजवळ धरला, मग माझ्या मनगटाजवळ धरला, आणि परत दिला. त्या खडूचं इंग्रजी नाव १९६२ पर्यंत ‘मांस’ अशा अर्थाचंच होतं. मग कंपनीनं बदलून पीच केलं. २०२० मध्ये त्याच कंपनीनं त्वचेच्या २४ छटांची पेटी काढली.

आता ती सोळा वर्षांची आहे आणि स्वतःला ‘ब्राऊन’ म्हणते. तिच्या ब्राऊनमध्ये लाहोरची मैत्रीण येते, ढाक्याची येते, कधी ग्वाटेमालाचीही. माझ्या पिढीला हे पटकन पचत नाही. आम्ही आधी मराठी, मग भारतीय, मग जमलं तर बाकीचं. शब्द मात्र नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकरी मेक्सिकन बायकांशी लग्न करत, कारण गोऱ्या मुलीशी लग्नाला कायदा आडवा येई. लग्नाच्या परवान्यावर काही कारकून दोघांच्याही नावापुढं ‘ब्राऊन’ लिहून मोकळे होत. कारकुनानं लावलेलं लेबल नातवंडांनी आपलं म्हणून घेतलं.

मुलांना एकच पेटी निवडा असं सांगू नका. २००० पासून जनगणनेतही एकापेक्षा जास्त टिक चालतात. कमला हॅरिस यांच्या आई चेन्नईकडच्या, वडील जमैकाचे. तरी जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जाहीर शंका काढलीच की या भारतीय होत्या, अचानक काळ्या कशा झाल्या?

आणि पेटी दर वेळी आपण निवडतो असंही नाही. १९८७ मध्ये इथल्याच जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीनं वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना हाकलण्याची धमकी दिली. डॉट म्हणजे कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी हा तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. तो पारशी होता. १९१० मध्ये कोर्टानं ज्यांना गोरं ठरवलं, त्यांच्यातला.

एकदा लिहिलेलं बदलता येतं का?

येतं. जनगणनेत आता माणूस स्वतःच स्वतःची रेस लिहितो. १९६० पूर्वी मोजणीदार तोंडाकडं बघून लिहायचा. शाळेत ऑफिसला ईमेल करा, दवाखान्यात काउंटरवर सांगा. पुरावा मागत नाहीत, कारण द्यायला पुरावा असतच नाही.

आईनं त्या दिवशी मला न विचारता ‘अमेरिकन इंडियन’वर टिक केली होती, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं स्क्रीनकडं बघत दोन क्लिक केले, “डन” म्हणाली आणि विम्याचं कार्ड मागितलं.